हमालांची मजुरी

डोळ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे दोन महिने काही लिहिलं नाही. आज लिहितोय ते जरा रागात लिहितोय, तेव्हा सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात आमच्या तालमीत ट्रेडमिल आली. पाटीवर आता 'जिम' लिहिलंय, पण माझ्या तोंडी तालीमच बसलेली. पोरांनी दोन वर्षं वर्गणी जमवली. मीही पेन्शनीतून थोडे घातले, म्हणजे बोलायचा हक्क मलाही आहे. ट्रेडमिलसोबत वजनाच्या लोखंडी प्लेटा मागवल्या होत्या. माल ट्रकने आला, चार हमालांनी उतरवला, आणि खोकं उघडलं तर मोटरवरचं झाकण फुटलेलं, आकडे दाखवणारा डिस्प्ले तडकलेला. दहा मिनिटांत निकाल लागला : हमालांनी आपटलं. संध्याकाळच्या बैठकीत ठराव झाला की चौघांची बाराशे रुपये मजुरी द्यायची नाही. विरोधात हात एकच वर होता, तो माझा. "गुरुजी, तुम्ही बसा" म्हणून मला खाली बसवलं. इथे मला कोणी खाली बसवू शकत नाही, म्हणून इथे सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तालमीत जाऊन ते खोकं नीट पाहिलं. छत्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या, चूक कुठे सुरू झाली ते शोधायची खोड आहे. बाहेरून पुठ्ठा, त्यावर चार पातळ फळ्या, एकेका फळीला तीन खिळे. आत थर्माकोलचे तुकडे. ट्रेडमिल घडी घालून उभी ठेवलेली, पण घडीची पिन लावलेलीच नव्हती. आणि त्याच खोक्यात, मशीनच्या पोटाशी, दहा-दहा किलोच्या चार प्लेटा वर्तमानपत्रात गुंडाळून मोकळ्या सोडलेल्या! फुटलेल्या झाकणावर अर्धचंद्रासारखी खाच होती. मी प्लेटची कडा त्या खाचेत धरून पाहिली. चपखल बसली. त्या बाजूचा बाहेरचा पुठ्ठा मात्र धड होता, साधी सुरकुतीसुद्धा नाही. बाहेरून आपटलं असतं तर आधी पुठ्ठा चेपला असता की नाही? माल आतूनच फुटला होता. शेकडो किलोमीटर रस्त्यावर ट्रक उडत आला आणि चाळीस किलो लोखंड वाटभर त्या मशीनला घणाचे घाव घालत राहिलं. हमालाचा हात लागण्याआधीच ते मोडलेलं होतं.

खोक्यावर काचेच्या पेल्याचं चित्र होतं आणि वर जाणारा बाण होता, असं सेक्रेटरी पुन्हा पुन्हा सांगत होता. मी त्या चौघांतल्या एकाला विचारलं. तो म्हणाला, "गुरुजी, पेला दिसला ना आमाले. पण हात कुठी घालाचा ते दाखवा. ना कडी, ना भोक. चौघांनं मिठी मारून उतरवलं." मशीन शंभर किलोच्या घरात, वर प्लेटा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 सालीच शिफारस केली होती की एका पुरुषाच्या अंगावर 55 किलोंहून जास्त ओझं येऊ नये. चौघांत वाटलं तर हिशेब बसतो खरा, पण ओझं चौघांत वाटलं जाण्यासाठी धरायला चार जागा लागतात. चित्राला धरून काही उचलता येत नाही.

आपल्याच जिल्ह्यात बांधणीची विद्या केवढी आहे पाहा. खामगावच्या जिनिंग-प्रेसिंगमधली कापसाची गाठ आठवा. 170 किलो वजन, तरी पट्ट्यांनी अशी आवळलेली की आत बोट शिरत नाही. आकडा अडकवायला जागा असते आणि आतला माल तसूभर हलत नाही. आमच्या तालमीचा जुना मलखांब मी शाळेत असताना अमरावतीहून आला. रेल्वेने मलकापूरपर्यंत, तिथून बैलगाडीने. (अमरावतीच्याच हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी 1936 साली बर्लिन ऑलिंपिकला जाऊन आपले खेळ दाखवून आली होती, त्यामुळे अमरावतीची वस्तू म्हणजे आम्हाला तीर्थावरून आल्यासारखी.) मलखांबाची नाजूक जागा म्हणजे मान आणि बोंड. ज्याने कोणी तो बांधला होता, त्याने मान-बोंडाला जुनी गोधडी गुंडाळून सुतळीने आवळली होती, अंगाखाली दोन ठिकाणी कडब्याच्या पेंढ्या दिल्या होत्या आणि मान अधांतरी ठेवली होती, भार तिच्यावर येऊ नये म्हणून. त्या माणसाला पॅकिंग हा शब्दही माहीत नसेल. वस्तू कुठे मोडेल हे मात्र त्याला माहीत होतं.

ट्रेडमिलचंही तेवढंच करायचं होतं. पिन लावायची. डिस्प्ले काढून वेगळा गुंडाळायचा. खालचा सांगाडा लाकडी चौकटीला बोल्टने आवळायचा. प्लेटांचं वेगळं खोकं करायचं, दोन-दोन प्लेटा मध्ये पुठ्ठा घालून, मधल्या भोकातून पट्टी ओवून घट्ट बांधलेल्या, आणि खोक्याला हात घालायला जागा. विक्रेत्याने एका खोक्याचं भाडं वाचवलं, आणि भरपाई हमालाने करायची!

हमाल कधीच आपटत नाहीत का? आपटतात. मी डोळ्यांनी पाहिलंय. रात्री दोनला पावसात ट्रक रिकामा करणारा माणूस फुलासारखं ठेवत नाही. पण ही गोष्ट पॅकिंग करणाऱ्याला ठाऊक असते, आणि म्हणूनच तर पॅकिंगचे पैसे वेगळे लावतात.

मी काही धुतल्या तांदळाचा नाही. काही वर्षांपूर्वी नातवासाठी वडिलांचे मुद्गल ऑस्ट्रेलियाला मुलीकडे पाठवले, तेव्हा घरीच बाभळीच्या ओल्या, सालीसकट फळ्यांची पेटी ठोकली. परदेशी जाणाऱ्या लाकडी पेटीचं लाकूड आतपर्यंत 56 अंशांना तीस मिनिटं तापवलेलं असावं लागतं, कीड जाऊ नये म्हणून, आणि तसा शिक्का पेटीवर असावा लागतो. पेटी तिकडे अडकली. मुलीला वर दंड भरावा लागला. मी मात्र चार महिने कुरिअरवाल्याला शिव्या घालत होतो. समोर होता तो, म्हणून.

आमच्या बैठकीतही हेच झालं. विक्रेता दूरच्या शहरात, फोन उचलत नाही. हमाल गावातला, रोज दिसणारा. शिवाय बिल्टीवर "माल सुस्थितीत मिळाला" अशी सही आपल्याच सेक्रेटरीने खोकं न उघडता ठोकली, ते कोणाला बोलून दाखवायचं नाही. महाराष्ट्राने 1969 साली माथाडी-हमालांसाठी कायदा केला, याचा आपण भाषणात अभिमान बाळगतो, आणि बाराशे रुपयांचा प्रश्न आला की ठराव करतो. नुकसान मागायचंच असेल तर विक्रेत्याकडे मागा, फोटो काढून लेखी. वाहतूकदारावर दावा करायचा तर 2007 च्या कायद्याप्रमाणे माल बुक झाल्यापासून 180 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. मी पत्राचा मसुदा करून दिलाय. अजून पोस्टात पडलेला नाही.

मजुरी मी माझ्या खिशातून द्यायला गेलो होतो. तो हमाल म्हणाला, "तुमचे नोको गुरुजी. तालमीनं द्यावं."

रविवारी पुन्हा बैठक आहे. फुटलेलं झाकण आणि एक प्लेट मी घरी आणून ठेवली आहे, पिशवीत घालून नेणार आहे. सौ. म्हणते, प्लेट पोराकडून उचलवा, तुमची कंबर सांभाळा.