जशी माती, तसे यंत्र

गेल्या वैशाखात राजापूर तालुक्यातील एका स्नेह्यांच्या घरी चार दिवस राहण्याचा योग आला. मृग नक्षत्र पंधरा दिवसांवर आले होते आणि शेतात शेणखत टाकण्याची घाई चालली होती. त्या घाईतच घरातील धाकट्या सूनबाईंचे मंगळसूत्र हरवले. दोन दिवस शोधूनही ते सापडले नाही. पाऊस पडला, नांगर फिरला, की ते कायमचे गेले, हे सर्वांना कळत होते. याहून वाईट गोष्ट अशी, की खत वाहण्यासाठी गावातील तीन बायका मजुरीवर आल्या होत्या. उघडपणे त्यांना कोणी काही बोलले नव्हते. परंतु त्यांच्याकडे पाहण्याची नजर बदलली होती, आणि ती बदललेली त्यांनाही कळली होती.

स्नेह्यांचा पुतण्या त्याच सुमारास अमेरिकेहून सुटीवर आला होता. मुलांच्या करमणुकीसाठी म्हणून त्याने एक धातुशोधक यंत्र बरोबर आणले होते. लांब दांडा, टोकाला ताटाएवढी चकती. जमिनीवरून ती फिरवली आणि खाली धातू असला की यंत्र वाजते. "काका, तिकडे हिरवळीत पडलेले नाणे हे अचूक दाखवते," असे म्हणत तो मोठ्या उमेदीने शेतात उतरला. पण यंत्र पावलोपावली वाजू लागले. लाल मातीत वाजले, जांभ्याच्या खड्यावर वाजले, गडग्याजवळ तर थांबेचना. वीस ठिकाणी खणून झाले, निघाले फक्त दगड. पडवीतून हे पाहणाऱ्या आजी म्हणाल्या, "अरे, त्याला आपल्या मातीची ओळखच नाही!"

आजी सहज बोलून गेल्या. पण धातुशोधक यंत्रांविषयीचे सर्वांत महत्त्वाचे सत्य त्या वाक्यात होते. ही यंत्रे देशोदेशी निरनिराळ्या प्रकारची का मिळतात, याचे निम्मे उत्तर मातीत आहे. उरलेले निम्मे त्या त्या देशाच्या कायद्यात आहे.

प्रथम यंत्राचे कार्य पाहू. चकतीत तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून दिशा बदलणारा वीजप्रवाह खेळवला, की भोवती सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात धातूची वस्तू आली, तर तिच्यात लहान लहान आवर्त प्रवाह उत्पन्न होतात आणि त्यांचे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र उलट यंत्राकडे येते. हा प्रतिसाद यंत्र ध्वनीच्या रूपाने ऐकवते. अडचण अशी, की लोहयुक्त मातीही प्रतिसाद देते. कोकणातील जांभा लोहाच्या ऑक्साइडांनी भरलेला असतो. देशावरील काळ्या कातळातही मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते. अशा भूमीत मातीचाच आवाज एवढा मोठा होतो, की त्यात लहानशा दागिन्याचा आवाज बुडून जातो.

परिसराने यंत्राला चकवल्याचे एक प्रसिद्ध उदाहरण इतिहासात आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी धातुशोधक उपकरण सिद्ध केले. आधीच्या चाचण्यांत ते चालले होते. रुग्णाच्या अंथरुणापाशी मात्र निकामी ठरले. गादीतील पोलादी स्प्रिंगांनी त्याला गोंधळात टाकले, असे मानले जाते. १९ सप्टेंबर रोजी अध्यक्षांचे निधन झाले.

यातून मार्ग काढण्यासाठी प्रत्येक देशाने आपापल्या गरजेप्रमाणे यंत्र घडवले. अमेरिकेत बागा, शाळांची मैदाने आणि समुद्रकिनारे येथे हरवलेली नाणी शोधणे हा लोकप्रिय छंद आहे. तेथील गॅरेट कंपनीच्या 'एस २५०' या प्रतिरूपाच्या दर्शनी पट्टीवर अमेरिकन नाण्यांची मूल्येच छापलेली असत. ते सेकंदाला ६,५०० कंपनांवर चाले. युरोपातील शेतांत शतकानुशतकांचे खिळे, नाल आणि लोखंडाचे तुकडे विखुरलेले असतात. म्हणून त्याच कंपनीने युरोपसाठी 'युरोएस' हे निराळे प्रतिरूप काढले. त्यात मोठी चकती दिली होती आणि लोखंड वेगळे ओळखण्याची अधिक बारीक सोय केली होती.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट याहून वेगळी. तेथील सुवर्णक्षेत्रांची माती लोहखनिजांनी भारलेली. परंतु तिच्यातच सोन्याचे गोळे दडलेले. १९८० मध्ये व्हिक्टोरिया राज्यातील किंगोवर येथे सुमारे २७ किलो वजनाचा सुवर्णपिंड धातुशोधकाच्या साहाय्याने सापडला. १९८५ मध्ये ॲडलेड येथे स्थापन झालेल्या मिनलॅब कंपनीने अशाच मातीवर मात करणारी यंत्रे बनवून नाव मिळवले. त्यांतील अनेक यंत्रे अखंड लहरीऐवजी विजेचे तुटक स्पंद सोडतात आणि स्पंदांच्या मधल्या शांततेत प्रतिसाद ऐकतात. सोन्याचे अगदी बारीक कण शोधायचे असतील, तर फार जलद कंपनांची यंत्रे लागतात. अमेरिकेतील फिशर कंपनीचे 'गोल्ड बग २' सेकंदाला ७१,००० कंपनांवर चालते. उलट खोलवरच्या मोठ्या नाण्यासाठी मंद कंपने बरी. खाऱ्या ओल्या वाळूत, म्हणजे आपल्या गोव्याच्या किनाऱ्यासारख्या ठिकाणी, पाणी स्वतःच वीजवाहक असल्याने एकाच वेळी अनेक कंपनसंख्या वापरणारे यंत्र उपयोगी पडते.

आता कायद्याकडे वळू. इंग्लंडमध्ये जमीनमालकाच्या अनुमतीने शेतात धातुशोधन करता येते. मात्र १९९६ च्या कायद्याप्रमाणे ठरावीक प्रकारचे निधी अधिकाऱ्यांना कळवावे लागतात. २००९ मध्ये स्टॅफर्डशर येथे एका शेतात अँग्लो-सॅक्सन काळातील सोन्याचा मोठा साठा सापडला. संग्रहालयांनी ३२ लाख ८५ हजार पौंड उभारून तो घेतला आणि ती रक्कम शोधणारा व शेतमालक यांच्यात निम्मी निम्मी वाटण्यात आली. शेजारच्या आयर्लंडमध्ये मात्र १९८७ च्या कायद्यानुसार पुरातन वस्तू शोधण्यासाठी यंत्र चालवायचे तर आधी सरकारी संमती हवी. फ्रान्समध्येही १९८९ पासून तशीच पूर्वपरवानगी लागते. गंमत अशी, की युरोपातील नामांकित धातुशोधक बनवणारी एक्सपी ही कंपनी फ्रान्सचीच आहे.

आणि भारतात? १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा सांगतो, की जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक मूल्याचे धन सापडले, तर सापडवणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवले पाहिजे. न कळवणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा दंड होऊ शकतो. शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंना १९७२ चा स्वतंत्र कायदा लागू आहे. संरक्षित स्मारकाच्या भूमीत परवान्यावाचून खणता येत नाही. तेव्हा पडक्या वाड्यात किंवा गडाच्या पायथ्याशी यंत्र घेऊन हिंडण्याची हौस कोणाला असेल, तर ती आवरलेली बरी. नाण्याच्या मूल्याइतकेच ते कोणत्या थरात, कशाच्या शेजारी सापडले हेही महत्त्वाचे असते. घाईने उपटलेले नाणे ही साक्ष गमावून बसते.

आपल्याकडे विमानतळावर, देवळाच्या रांगेत धातुशोधक दिसतात, ते सुरक्षेचे. शेतामातीत वापरण्याच्या यंत्रांचा छंद येथे फारसा रुजलेला नाही. त्यामुळे विक्रेता मिळाला तरी दुरुस्ती करणारा मिळेलच असे नाही. परदेशातून आणलेल्या यंत्राची हमी पुष्कळदा त्या देशापुरतीच असते. कंपनी बंद झाली, तर सुट्या भागांचीही पंचाईत होते. अमेरिकेतील व्हाइट्स ही १९५० पासूनची जुनी कंपनी २०२० मध्ये बंद पडली. म्हणून घेणाऱ्याने किमतीच्या आधी तीन प्रश्न विचारावेत: हे कोणत्या मातीसाठी केले आहे? मातीप्रमाणे जुळवून घेण्याची, म्हणजे भूसंतुलनाची, सोय आपल्या हाती आहे की कारखान्यातच कायम केलेली आहे? आणि बिघडले तर दुरुस्त कोण करणार?

दूरवरून सोने दाखवणाऱ्या यंत्राच्या जाहिरातीवर तर मुळीच विश्वास ठेवू नये. 'एडीई ६५१' नावाचे पोकळ उपकरण बाँबशोधक म्हणून इराकसारख्या देशाला विकणाऱ्या इसमास २०१३ मध्ये ब्रिटिश न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली. जेथे सरकारे फसली, तेथे गुप्तधनाच्या आशेने कर्ज काढणारे कुटुंब फसण्यास कितीसा वेळ?

असो. राजापूरच्या मंगळसूत्राचे पुढे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. तिसऱ्या दिवशी त्या तीन मजूर बायकांपैकी एक स्वतः होऊन आली. ती म्हणाली, "वहिनी, टोपल्या भरायला तुम्ही ढिगापाशी वाकत होतात. शेतात आमच्याबरोबर आलातच कुठे? आधी ढीग बघा." खताचा ढीग कमरेइतका उंच होता. त्यात ना जांभा, ना लाल माती. पुतण्याने यंत्र तेथे नेले, तर काय आश्चर्य, शेतात किंचाळणारे ते यंत्र ढिगावर अगदी शांत झाले. थर बाजूला करीत करीत ते फिरवत गेल्यावर एके ठिकाणी स्वच्छ आवाज आला. हात घालताच मंगळसूत्र वर आले. बारीक साखळीचा प्रतिसाद क्षीण असतो. बहुधा दोन वाट्यांनीच हाक दिली असावी.

सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. आजींनी मंगळसूत्र हातात घेण्यापूर्वी त्या बाईला पडवीत बोलावून बसवले, स्वतः चहा आणून दिला आणि सर्वांदेखत म्हणाल्या, "दोन दिवस आमच्या मनात नको ते आले. तू ते मनातून काढून टाक." ती काही बोलली नाही. चहा घेतला, टोपली उचलली आणि पुन्हा कामाला लागली.

यंत्राने दागिना दाखवला हे खरे. पण यंत्र कोठे न्यावे हे जिने सांगितले, तिच्याकडेच आम्ही दोन दिवस संशयाने पाहत होतो.