भिंती वाचल्या, पण...

स्पेनमधील राजवाडे पाहायला निघालेला प्रवासी ग्रानादाच्या अलहाम्ब्रात हटकून पोहोचतो आणि भिंतींवरील नक्षीची छायाचित्रे घेऊन परततो. आमचे म्हणणे असे, की या नक्षीचा काही भाग प्रत्यक्षात काव्य आहे. चौदाव्या शतकातील दरबारी कवी इब्न झमरक याच्या अरबी पंक्ती सिंहांच्या कारंज्याच्या काठावर कोरलेल्या आहेत. ‘दोन बहिणींच्या दालना’त तर वास्तूच ‘मी’ म्हणून बोलते.

१४९२ मध्ये ग्रानादा ख्रिस्ती राजसत्तेच्या हाती गेले. १५०० च्या सुमारास आर्चबिशप सिस्नेरोसच्या आज्ञेने तेथील अरबी ग्रंथांची होळी झाली. राजवाडा मात्र जेत्यांनाही सुंदर वाटला, म्हणून जपला गेला. ग्रंथ जळाले, भिंती वाचल्या. पण त्या वाचणारे फार थोडे उरले. पुढे वॉशिंग्टन आयर्व्हिंगच्या १८३२ च्या पुस्तकाने जगाला भुरळ घातली, तीही मुख्यतः दंतकथांची.

न कळणाऱ्या लिपीला नक्षी म्हणून मोकळे होणे सोपे असते. साहित्याच्या अभ्यासकाला ते शोभत नाही. त्याने अलहाम्ब्रात जावे ते वाचक म्हणून, निदान त्या कवितांचा अनुवाद हाती घेऊन. सौंदर्याचे कौतुक करून अर्थाकडे पाठ फिरवणे, हीही एक प्रकारची होळीच नव्हे काय?