दहा किलोमीटर

बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन २ तास ५१ मिनिटांच्या आत पुरी करून १९ वा क्रमांक मिळविला, हे आमच्या गावातही थोड्यांनाच ठाऊक असते. त्याच गावच्या रस्त्यांवर ५४ व्या वर्षी दहा किलोमीटरांच्या शर्यतीत उतरण्याचे मी मनात आणले, तेव्हा घरी आठवण निघाली ती तीर्थरूपांची. ते ५५ व्या वर्षी हृदयविकाराने गेले. सौभाग्यवती एवढेच म्हणाली, "आधी डॉक्टरांना दाखवून या, मग काय ते धावा."

दाखविले. समवयस्क वाचकांनीही ही पायरी गाळू नये. मग तीन महिने व्हॅक्सिन डेपोतील झाडांखाली एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे, असा अभ्यास झाला. धावणे वाढत गेले, चालणे घटत गेले. सोबत्याशी बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. धापेने वाक्य तुटू लागले की तो अधिक झाला असे समजावे.

प्रत्यक्ष शर्यतीत हे पाळणे कठीण. इशारा होताच शेकडो माणसे पुढे निघून जातात. आमच्याच शाळेची पोरे "सर, या की लवकर!" म्हणत दिसेनाशी झाली. परंतु स्नायूंना प्राणवायू पुरेल त्याहून अधिक वेग आरंभीच घेतला, तर त्याची वसुली सातव्या किलोमीटरनंतर होते. मी मागेच राहिलो. आठव्यानंतर त्यांतील दोघे कमरेवर हात ठेवून चालताना भेटले. त्यांना बरोबर घेतले.

वेळ लागला १ तास २२ मिनिटे. ही शेवटच्या वळणावर टॉवेल घेऊन उभी होती. तिने वेळ विचारला नाही. मनगट धरून नाडी तेवढी पाहिली.