पाचवा गिअर कधी काढायचा?

लखनौला बदली होऊन आता वर्ष होत आलं. आधीच्या पोस्टिंगला डोंगरात दिवसचे दिवस दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर जायचे, पाचवा लागला की सणच. इथं उलटं आहे. छावणीतून बाहेर पडून आग्र्याच्या एक्स्प्रेस-वेला लागलं की ३०२ किलोमीटर सरळ, सपाट रस्ता. हा रस्ता २०१६ साली सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात बांगरमऊजवळ त्यावर हवाई दलाच्या मिराज, जग्वार, सुखोईंनी चाकं टेकवली. तिथं आपली गाडी पाचव्यात टाकली की पाय आणि डोकं दोन्ही आराम करायला लागतात. धोका तिथूनच सुरू होतो, असं माझं मत आहे.

गेल्या आठवड्यात साताऱ्याकडचा एक पोरगा एमटी पार्कात आला. सेकंडहँड गाडी घेतलीय त्यानं. गणपतीला बायको-लेकरांना घेऊन गावी जायचं, तेही स्वतः चालवत. मला म्हणाला, "साहेब, होईल तेवढी पाचव्यात ठेवली तर मायलेज किती पडेल?"

म्हटलं, "मायलेज राहू दे. पाचवा काढायचा कधी, ते सांग."

पोरगा गप्प. मला आश्चर्य वाटलं नाही. वीस वर्षांपूर्वी माझ्या उस्तादांनी हाच प्रश्न विचारला होता, तेव्हा मीही गप्पच होतो. उस्ताद म्हणाले होते, "टॉप गिअर में रफ्तार होती है बेटा, ताकत नहीं."

बहुतेकांचा समज याच्या नेमका उलटा असतो. ओव्हरड्राईव्ह म्हणजे काहीतरी जास्तीचा जोर, असं नावावरून वाटतं. आपल्या जुन्या जिप्सीचं उदाहरण घ्या. चौथ्या गिअरला इंजिनाची एक फेरी झाली की गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा शाफ्टही एकच फेरी मारतो. पाचव्याला इंजिनाच्या साधारण आठ फेऱ्यांत शाफ्टच्या दहा होतात. वेग तोच राहून इंजिन निवांत चालतं, आवाज कमी होतो, पेट्रोल वाचतं. पण फुकट काही मिळत नाही. जेवढ्या फेऱ्या वाढल्या त्या प्रमाणात चाकाला मिळणारा जोर घटतो. आजच्या गाड्यांत सहा-सहा गिअर असतात, कुठला ओव्हरड्राईव्ह ते गाडीगणिक बदलतं. वरचे सगळे त्यातलेच समजा.

म्हणून माझा नियम सोपा आहे. रस्ता सपाट, पुढं मोकळा, वेग धरलेला, गाडी हलकी, तेव्हा पाचवा. खात्री करायची असेल तर ॲक्सिलरेटर जरासा दाबून बघा. गाडी हसत पुढं गेली तर गिअर बरोबर आहे. थरथरली, कण्हली, तर एक खाली या. आलमबागच्या गर्दीत चाळीसच्या वेगाला पाचवा टाकून पेट्रोल वाचवणारे रोज दिसतात. ते इंजिनाचं आयुष्य खर्च करून चार थेंब वाचवतात.

ओव्हरटेक करताना आधी चौथा, मग इंडिकेटर, मग बाहेर. "पहले आप" म्हणणाऱ्या या शहरात रस्त्यावर कुणी कुणाला पहले आप म्हणत नाही. अर्धा ट्रक ओलांडल्यावर गाडीत दम नाही हे कळून उपयोग काय? आणि ८० वरून १०० वर गेलात की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. त्यात टपावर सामान बांधलेलं असेल तर पाचव्याचा हिशोब आणखी बिघडतो.

आता खरा मुद्दा: उतार. काही वर्षांपूर्वी मी सुट्टीवर स्वतःच्या गाडीनं, कुटुंबासह गावी निघालो होतो. आग्रा-मुंबई रस्त्यानं सेंधवा मागं पडलं आणि बिजासन घाट लागला. दिवसभर पाचव्यात आलो होतो, तसाच उतरायला लागलो. हात गिअरकडं गेलाच नाही, पाय मात्र ब्रेकवरून उठेना. तिसऱ्या-चौथ्या वळणाला बायको म्हणाली, "काहीतरी जळतंय का?" पुढच्या वळणाला पेडल मऊ लागलं. पुढं ट्रक, मागं दोन पोरं झोपलेली. चौथा, मग तिसरा टाकला. इंजिन ओरडलं, पण त्यानं गाडी धरली. कडेला घेऊन थांबवली, तेव्हा चाकाजवळ हात नेववत नव्हता. बायकोनं काही विचारलं नाही. मीही पुष्कळ वेळ बोललो नाही.

ज्या गिअरनं घाट चढाल त्याच गिअरनं उतरा, हे मी स्वतः कित्येक जवानांना शिकवलं होतं. सरकारी गाडीत कधी चुकलोही नव्हतो. कॉन्व्हॉयला वेग ठरलेला, हॉल्ट ठरलेले, हॉल्टला उतरून टायर आणि चाकं हातानं तपासायची. छावणीच्या गेटबाहेर स्वतःची गाडी काढली की ही शिस्त आपण गेटवरच ठेवून जातो. सुट्टीचा एकेक दिवस मोजत निघालेला माणूस घाईत असतो, ते मला कळतं. पण सीमेवरून धडधाकट आलेला माणूस गावाच्या वाटेवर, ब्रेक तापवून जावा, यासारखं दुर्दैव नाही.

काही जण उतारावर न्यूट्रल मारतात, डिझेल वाचतं म्हणून. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना पाय उचलला की इंधन जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये ते जळत राहतं. म्हणजे बचतही नाही आणि लगामही नाही. ऑटोमॅटिक गाडीत ओ-डीचं बटन असेल तर घाटात, चढाला आणि उताराला, ते बंद करा. बटन नसेल तर खालचा गिअर निवडायची सोय असते. पुस्तिकेत बघा.

हे सगळं त्या पोराला सांगितलं. त्यानं ऐकलं आणि विचारलं, "मग साहेब, किती दिवस धरू?"

"तीन. एक मुक्काम शिवपुरीला, दुसरा इंदूरला. बिजासन सकाळच्या उजेडात, तिसऱ्यात उतर."

"आणि मायलेज?"

"घरी पोचल्यावर फोन कर, तेव्हा सांग."