बुद्धीचे माप आणि मापाचे वय

कलकत्त्याच्या उत्तरेस, डमडमला लागून असलेल्या बरानगर येथे भारतीय सांख्यिकी संस्थेचे मुख्य आवार आहे. या संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३० नंतरच्या दशकात बंगाली भाषेतील सामूहिक बुद्धिमापन कसोटीवरही काम केले होते, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते. सांख्यिकीच्या अभ्यासकाने या विषयात लक्ष घालावे, यात नवल नाही. बुद्धी तागडीत घालून तोलता येत नाही. एका मुलाची त्याच्या समवयस्कांशी तुलना करूनच तिचा अंदाज घ्यावा लागतो.

ही पद्धती आल्फ्रेड बिने व थिओडोर सीमाँ यांनी १९०५ साली पॅरिस येथे सिद्ध केली. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांपैकी कोणास निराळ्या शिक्षणाची गरज आहे हे ओळखावे, एवढाच तिचा हेतू होता. पुढे १९१२ साली स्टर्न यांनी मानसिक वयास प्रत्यक्ष वयाने भागण्याची रीत सुचविली आणि १९१६ साली टर्मन यांनी त्या भागाकारास शंभराने गुणले. दहा वर्षांच्या मुलाचे मानसिक वय आठ ठरल्यास त्याचा बुद्ध्यंक ८० होय.

ही कसोटी मराठी व कन्नड मुलांसाठी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ च्या सुमारास तयार केली. असे काम नुसत्या भाषांतराने होत नाही. एका भाषेत सोपा असणारा शब्द दुसरीत अवघड ठरतो. म्हणून प्रत्येक प्रश्न येथील मुलांना विचारून त्याची जागा नव्याने ठरवावी लागते. नागपूर येथे डॉ. मालिन यांनी १९६९ साली वेश्लर यांच्या कसोटीचे भारतीय रूप सिद्ध केले, त्यामागेही हीच दृष्टी होती.

परंतु या कसोट्यांचा वापर आजही होत असताना त्यांचे वय विसरले जाते, हे योग्य नव्हे. पिढ्यांबरोबर मुलांचे सरासरी गुण वाढत जातात, हे जेम्स फ्लिन यांनी १९८४ साली अमेरिकेतील आकड्यांवरून दाखविले. तेथे ही वाढ दर दशकास सुमारे तीन गुणांची होती. भारतात हाच वेग असेल असे नाही. तथापि आजच्या मुलाची तुलना आजोबांच्या बालपणीच्या मुलांशी केल्यास त्याचा बुद्ध्यंक फुगून दिसण्याचा संभव राहतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बौद्धिक अक्षमतेचा समावेश असून तिच्या प्रमाणपत्रासाठी बुद्ध्यंक पाहिला जातो. तेव्हा ज्याला साहाय्य हवे असे मूल केवळ माप जुने म्हणून वंचित राहू शकते.

बुद्धिमापन टाकून द्यावे, असा याचा अर्थ नव्हे. बाजारातील वजनेमापे ठरावीक मुदतीने तपासून त्यांवर नवा छाप मारतात. ज्या मापावर मुलाचे भवितव्य अवलंबून आहे, त्याची तपासणीही प्रत्येक भाषेत आणि प्रत्येक पिढीत व्हावयास हवी.