उंबरठ्यावरचा अतिथी

आषाढी जवळ आली की आमच्या दक्षिण सोलापूर तालुक्यात गावोगाव सायंकाळची कीर्तने सुरू होतात. मंद्रूप येथील अशाच एका सेवेनंतर, बुक्का लावून मंडळी पांगत असता, नोकरीनिमित्त वसईस राहणारा एक तरुण गावकरी आमच्यापाशी थांबला. म्हणाला, "महाराज, शेजाऱ्यांच्या आग्रहावरून मी त्यांच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेस गेलो होतो. केव्हा उठावे, केव्हा गुडघे टेकावेत, काही कळेना. बाकावरच्या एका आजीबाईंनी पुस्तकाचे पान काढून मुकाट्याने माझ्यापुढे धरले, आणि परकेपणा गेला. पण पुढे वाचनात आले, की या लोकांत जुन्या लॅटिन उपासनेवरून जगभर मोठा वाद चालला आहे. एवढी आपुलकी असणाऱ्यांत वाद तो कशाचा?"

प्रश्नाचे उत्तर त्या रात्री आम्हांस नीट देता आले नाही. ते आज देण्याचा यत्न करीत आहोत. आषाढीच्या पानावर चर्चचा विषय कशाला, असे काही वाचकांस वाटेल. परंतु उपासनास्थान माणसाला आपले केव्हा वाटते, हा प्रश्न कोणा एका धर्माचा नाही; आणि शेजाऱ्याच्या घरातील वाद शांतपणे पाहिला, तर आपल्या घराची दुरुस्तीही सुचते.

प्रथम वादाचे स्वरूप पाहू. कॅथलिक पंथाची मुख्य उपासना म्हणजे मिस्सा. ती शतकानुशतके लॅटिन भाषेत होत असे. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून, म्हणजे लोकांच्याच दिशेने उभे राहून प्रार्थना म्हणत, आणि काही भाग तर मंद स्वरात, केवळ ओठांतल्या ओठांत म्हटला जाई. १९६२ ते १९६५ या काळात रोम येथे दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. तिने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्यात लॅटिनचे स्थान राखण्यास सांगितले होते, तसेच लोकभाषांना अधिक वाव देण्याचीही मुभा होती. १९६९ साली मिस्सेचा नवा विधी आला आणि प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी लॅटिन मागे पडली. धर्मगुरू लोकांकडे तोंड करून लोकांच्या भाषेत बोलू लागले.

कोट्यवधींना त्यामुळे दार उघडल्यासारखे वाटले. पण ज्यांचे बालपण त्या जुन्या स्वरांत, धुपात आणि शांततेत गेले होते, त्यांतील अनेकांना आपल्याच घराचे कुलूप बदलल्यासारखे वाटले. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ साली जुन्या विधीस पुष्कळ मोकळीक दिली. पोप फ्रान्सिस यांनी १६ जुलै २०२१ रोजी ती आवळली. जुन्या विधीच्या आडून परिषदेलाच नाकारण्याची वृत्ती वाढत आहे व त्याने ऐक्य भंगते, हे कारण त्यांनी दिले. या विधीसाठी नेमावयाची स्थळे धर्मग्रामाची चर्चे असू नयेत, असाही नियम झाला. ८ मे २०२५ रोजी निवडले गेलेले पोप चौदावे लिओ यांच्याकडे हा प्रश्न वारशाने आला.

ही केवळ वृद्धांची हळहळ आहे, असे मात्र समजू नये. फ्रान्समध्ये १९८३ पासून दरवर्षी पेन्टेकॉस्टच्या सणास, वैशाख-ज्येष्ठाच्या सुमारास, पॅरिसहून शार्त्र येथील महामंदिराकडे पायी यात्रा निघते. तीन दिवसांत सुमारे शंभर किलोमीटरची वाट. आपल्या दिंड्यांसारख्या तुकड्या, प्रत्येकीचे निशाण वेगळे, मुखी भजने, आणि शेवटी जुन्या विधीची लॅटिन मिस्सा. हजारोंच्या त्या मेळ्यात तरुणांचा भरणा मोठा असतो. वारकऱ्यांच्या देशात राहणाऱ्यास याचे नवल वाटू नये. जे सहज कळते तेवढेच माणसाला ओढते असे नाही. जे आपल्याहून जुने आहे, आणि आपण आलो म्हणून बदलत नाही, तेही ओढते.

मग सत्य कोणत्या बाजूस? एका शब्दाकडे पाहिले असता आम्हांस थोडा उजेड मिळतो. वसईचे मराठी ख्रिस्ती बंधू 'पॅरिश' या शब्दासाठी 'धर्मग्राम' असा सुंदर शब्द योजतात. मूळ ग्रीक शब्द 'पारोइकिया'. त्यातील 'ओइकोस' म्हणजे घर. आपल्या संस्कृतातील 'वेश', म्हणजे निवासस्थान, हा त्याचा सगोत्र. घराच्या बाजूस राहणारा, शेजारी, एवढेच नव्हे तर परक्या गावी येऊन राहिलेला, असे त्या ग्रीक शब्दाचे अर्थ आहेत. आपला 'प्रतिवेशी' शब्द त्याच्या अगदी जवळ जातो. म्हणजे ज्या शब्दाने आज पक्के सदस्यत्व सुचते, त्याच्या मुळाशी उपरा माणूस उभा आहे. धर्मग्राम हा मूळचा उपऱ्यांचा गाव होय!

महाराष्ट्रातील इतिहास या कसोटीवर पाहण्याजोगा आहे. वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली व १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती घेतली. त्या राजवटीत गोव्यात देवळे पाडली गेली. १५६० साली तेथे धर्मन्यायालय बसले आणि मधला थोडा खंड वगळता ते १८१२ पर्यंत टिकले. ही स्मृती पुसण्याचे कारण नाही. पण त्याच काळात थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला, मराठी शिकला, आणि त्याचे दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. लोकांना आपल्या जुन्या पुराणश्रवणाची उणीव भासते, हे त्याने ओळखले. सत्तेने दार ठोठावले तर माणूस आत दडतो. भाषेने हाक मारली तर तो बाहेर येऊन बसतो. दोन्ही गोष्टी एकाच किनाऱ्यावर, एकाच काळात घडल्या.

पुढे १९६९ साली भारतातील कॅथलिक उपासनेसाठी रोमने बारा गोष्टींस संमती दिली. पादत्राणे बाहेर काढणे, मांडी घालून बसणे, हात जोडून नमस्कार करणे, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, आरती, या त्यांतल्या. त्यांवरही ख्रिस्ती समाजात मतभेद झाले. वसईच्या धर्मग्रामांत आज उपासना मराठीत चालते. 'सुबोध बायबल'चे कर्ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले. आमच्या शेजारच्या धाराशिव येथे जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ च्या जुलैत त्यांचे निधन झाले. त्यांच्या निवडीसही विरोध झाला होता. मराठीच्या अंगणात मराठी माणसाला उपरा ठरवू पाहणारे आपल्यातही होते, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

तेव्हा जुन्या वळणाचे उपासनास्थान आपुलकीचे कशाने होते? आमच्या मते तीन गोष्टींनी.

पहिली गोष्ट, क्रमाची स्थिरता. वेदीपाशी अखंड तेवणारा दिवा, ठरलेल्या वेळी वाजणारी घंटा, तेच शब्द. आज येणाऱ्याला आणि दहा वर्षांनी परतणाऱ्याला तेच घर सापडले पाहिजे.

दुसरी, अर्थाचे दान. लॅटिन मिस्सेच्या पोथ्यांत एका रकान्यात लॅटिन व शेजारी स्वभाषेतील अर्थ छापलेला असतो. आपल्या सार्थ पोथ्यांचीच ही रीत. प्राचीन भाषा ही भिंत नव्हे. तिला खिडकी न ठेवणे ही भिंत होय. आमच्याच तालुक्यात हत्तरसंग कुडल येथे भीमा-सीनेच्या संगमावरील देवळात सुमारे हजार वर्षांपूर्वीचा, शके ९४० चा मानला जाणारा मराठी लेख आहे. लोकांची बोली देवळाच्या दगडावर चढली, म्हणून देव काही बाटला नाही.

तिसरी आणि सर्वांत मोठी, दारातील माणूस. मुंबईत माहीमच्या चर्चमध्ये १९४८ पासून बुधवारची नोव्हेना चालते. वांद्र्याच्या मोतमाउलीस सप्टेंबरच्या जत्रेत सर्व धर्मांचे लोक जातात. तेथे प्रार्थनेस कोणी जात वा दाखला विचारीत नाही. मिस्सेतील पवित्र प्रसाद मात्र कॅथलिक दीक्षा घेतलेल्यांसाठीच असतो. मर्यादा असणे म्हणजे अनादर नव्हे. ती मर्यादा रांगेत हात मागे खेचून समजावली जाते, की आधीच शेजारी बसून हळूच सांगितली जाते, यावर नवखा माणूस पुन्हा येईल की नाही हे ठरते.

येथे आम्हांस स्वतःविषयी बोलणे भाग आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्यासमोर विष्णुसहस्रनामाचे सामुदायिक पठण चालले असता एका प्रौढ गृहस्थाचा उच्चार चुकला. आमच्या विद्येला ते सोसले नाही. आम्ही सर्वांदेखत पठण थांबवून त्यांस दुरुस्त केले. उच्चार शुद्ध झाला, पण ते गृहस्थ पुन्हा कधी आले नाहीत. संस्कृत राखल्याचे समाधान आम्ही काही दिवस मिरविले. आपण एक माणूस गमावला, हे उमगण्यास फार काळ गेला. लॅटिनच्या वादातील विद्वानांकडे म्हणूनच आम्ही न्यायाधीशाच्या आसनावरून पाहू शकत नाही.

आपल्या षोडशोपचार पूजेचा आरंभ कशाने होतो? आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य. हे सारे अतिथीचे उपचार आहेत. पाषाणमूर्तीलाही आपण प्रथम 'या, बसा' म्हणतो, पाय धुण्यास पाणी देतो, आणि मगच स्तुती करतो. ज्या मंडपात देवाला आसन मिळते, पण दारात अवघडून उभ्या असलेल्या माणसाला मिळत नाही, तेथील पूजा चौथ्या उपचाराआधीच थांबली असे समजावे. पंढरीच्या दारासाठी सानेगुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणास लावावे लागले, हे आषाढीच्या गर्दीत विसरता कामा नये.

मंद्रूपच्या त्या तरुणास आमचे उत्तर एवढेच. शेजाऱ्यांचा वाद भाषेचा दिसतो, पण दोन्ही बाजूंचे दुःख एकच आहे: माझ्या घरात मला जागा उरली नाही. ते दुःख पोपच्या आज्ञेने पुरते मिटेल असे आम्हांस वाटत नाही. ते मिटविण्याची रीत बाकावरच्या त्या आजीबाईंना ठाऊक होती. यंदा एकादशीच्या कीर्तनास आपल्या आळीत कोणी नवखा, कानडी बोलणारा, टाळ कसा धरावा हे न कळणारा येऊन मागे उभा राहिला, तर वाचकहो, त्यास पुढे बोलवा, बसावयास सतरंजीचा कोपरा द्या आणि पोथीचे पान काढून त्याच्यापुढे धरा. अर्थ सांगण्याचे काम आम्ही करू.