आजी नव्वद जगली म्हणून

धुराने कोणी मरत नाही, असं परवा एका गृहस्थांनी भर सभेत ठणकावलं. म्हणणं थोडक्यात असं: आमच्या आजीने जन्मभर चुलीवर भाकऱ्या थापल्या, नव्वदीपर्यंत ती खडखडीत होती; प्रदूषण असतं ते रस्त्यावर; बाकी सगळा हवा शुद्ध करणारी यंत्रं विकणाऱ्यांचा बनाव. टाळ्या पडल्या. आजी काढली की पडतातच.

आधी त्या आजीबद्दल. ती नातवाला आठवते, कारण नातू बोलता होईपर्यंत ती होती. पंचेचाळिशीत दम लागून गेलेली तिची जाऊ कोणाच्या भाषणात येणार? आणि खडखडीत म्हणजे काय हो? पहाटे माजघरातून येणारा खोकला, दोन पायऱ्या चढताच ओटीवर टेकणं, याला घरात ‘वय झालं’ म्हणत. जन्मात विडी न ओढलेल्या बायकांना सीओपीडी, म्हणजे विडीवाल्यांचा म्हणून ओळखला जाणारा फुप्फुसांचा जुनाट विकार, होतो आणि त्यामागे चुलीचा धूर असतो, हे डॉक्टरांना ठाऊक होऊन दशकं लोटली. 2020 साली घरातल्या धुराने जगात सुमारे 32 लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत पाच वर्षांखालची 2 लाख 37 हजारांहून अधिक मुलं. त्यांना कोणाचे आजीआजोबा व्हायची सवडच मिळाली नाही.

शिवाय आजीच्या डोक्यावर कौलं होती, निदान फटींतून धूर निघून जाई. नातवाच्या फ्लॅटमध्ये सरकत्या काचा बंद आणि पलंगाखाली डासांची कॉइल. एक कॉइल जळताना 75 ते 137 सिगारेटींइतके बारीक कण सोडते, असं 2003 सालच्या एका अभ्यासात मोजलं गेलं. पोराच्या उशाशी कोणी सिगारेट पेटवली तर हे गृहस्थ हात उगारतील. कॉइल मात्र स्वतः लावतील.

मागे ‘गॅसवरचं खाल्लं की पोटात गॅस होतो’ हा वाद रंगला होता. तोही फुंकणी कधी हातात न धरलेल्यांनीच लढवला. तीच मंडळी आता ‘चुलीवरचं मटण’ शोधत हायवेला जातात. धूर जातो भाकरी भाजणाऱ्या बाईच्या छातीत. बिलात तो लागत नाही.

कुंड्यांनी हवा शुद्ध होते म्हणणाऱ्यांना एवढंच: तेवढी झाडं मावायला आधी माणसांना घर रिकामं करावं लागेल. यंत्रवाले भीती विकतात, मान्य. त्याने धूर निरुपद्रवी ठरत नाही.

मग करायचं काय? फोडणीआधी एक्झॉस्ट पंखा लावा, स्वयंपाक उरकल्यावरही थोडा वेळ चालू ठेवा. ओट्यावरच्या चिमणीची नळी बाहेर काढली आहे का, बघा; नसेल तर ती तीच हवा गाळून घरात सोडते. कॉइलऐवजी मच्छरदाणी. गावाकडे गॅस आला तरी आंघोळीचं पाणी चुलीवरच तापतं. ती चूल तरी अंगणात न्या. आणि घरात कोणाचा खोकला दोन आठवड्यांनीही हटला नाही, तर काढ्यावर काढे पाजत बसू नका. थुंकी तपासून घ्या, डॉक्टर म्हणाले तर स्पायरोमेट्रीही करा. नळीत जोरात फुंकायचं, बस्स. आजीला फुंकणीची सवय होतीच. तिच्यासाठी हे अवघड नव्हतं, तिला कोणी नेलं नाही.